दुहेरी बंधावर हायड्रोजन हॅलाइड: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनांविषयी या सदराकडे आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न एकाच अभिक्रियेभोवती फिरतात. ती अभिक्रिया म्हणजे अशा हायड्रोकार्बनावर, म्हणजे अल्कीनावर, हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन ब्रोमाइड किंवा हायड्रोजन आयोडाइड यांचे समावेशन (दुहेरी बंधाच्या जागी जोडले जाणे). म्हणून या वेळचे संपूर्ण सदर तिलाच दिले आहे. प्रश्नांचा क्रम आम्ही लावला आहे, कारण पहिल्या उत्तरातील मुद्दा लक्षात आल्याशिवाय पुढच्या उत्तरांचा उलगडा होणे अवघड आहे.

प्रश्न: प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया झाली की २-ब्रोमोप्रोपेन मिळते, १-ब्रोमोप्रोपेन जवळजवळ मिळतच नाही. पुस्तकात याचे कारण म्हणून मार्कोव्हनिकॉव्हचा नियम दिला आहे: ज्या कार्बनवर आधीच अधिक हायड्रोजन आहेत, त्याच कार्बनवर नवा हायड्रोजन जातो. पण हे कारण आहे की नुसते वर्णन? हायड्रोजनने तोच कार्बन का निवडावा?

उत्तर: आपली शंका रास्त आहे. नियम हे वर्णनच आहे, कारण नव्हे. व्लादिमीर मार्कोव्हनिकॉव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने तो १८६९-७० च्या सुमारास मांडला, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो लागला १८९७ मध्ये. बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी ही कल्पनाच ज्या काळात नव्हती, त्या काळात अनेक अभिक्रियांची उत्पादिते पाहून त्याने त्यातली सुसंगती हेरली, हे त्याचे मोठेपण. मात्र आज आपल्याला यंत्रणा माहीत असताना हायड्रोजनांची संख्या मोजत बसणे म्हणजे खूण पाहून मूळ वस्तूकडे दुर्लक्ष करण्यासारखे आहे.

यंत्रणा अशी आहे. अल्कीनाच्या दुहेरी बंधातील दोन बंधांपैकी पाय (π) बंधाचे इलेक्ट्रॉन दोन्ही कार्बनांच्या प्रतलाच्या वर आणि खाली पसरलेले असतात, त्यामुळे ते तुलनेने मोकळे आणि सहज उपलब्ध असतात. हायड्रोजन ब्रोमाइडमध्ये ब्रोमीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो आणि हायड्रोजनवर अंशतः धनप्रभार राहतो. पाय बंधातील जोडी या हायड्रोजनकडे वळते, हायड्रोजन आणि ब्रोमीन यांच्यातला बंध तुटतो, प्रोटॉन एका कार्बनशी जोडला जातो आणि ब्रोमाइड आयन सुटा होतो. ज्या दुसऱ्या कार्बनने पाय बंधातील आपला वाटा गमावला, त्याच्यावर धनप्रभार येतो. या धनप्रभारित मध्यस्थाला कार्बोकॅटायन म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात ब्रोमाइड आयन आपली इलेक्ट्रॉनजोडी देऊन त्या कार्बनशी बंध करतो. पहिला टप्पा मंद असतो, दुसरा अतिशय वेगवान. म्हणजे उत्पादिताचे भवितव्य पहिल्याच टप्प्यात ठरते.

आता प्रोपीनकडे पाहू. प्रोटॉन टोकाच्या कार्बनवर गेला, तर धनप्रभार मधल्या कार्बनवर येतो आणि द्वितीयक (धनप्रभारित कार्बनला आणखी दोन कार्बन जोडलेला) कार्बोकॅटायन तयार होतो. प्रोटॉन मधल्या कार्बनवर गेला, तर धनप्रभार टोकावर येतो आणि प्राथमिक (एकच कार्बन जोडलेला) कार्बोकॅटायन तयार व्हावा लागतो. या दोहोंच्या स्थैर्यात फार मोठा फरक आहे. धनप्रभारित कार्बनवर एक पी कक्षक (इलेक्ट्रॉनांसाठीची जागा) रिकामा असतो, आणि शेजारच्या कार्बनवरील कार्बन-हायड्रोजन बंधांतले इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या कक्षकात थोडेसे पसरू शकतात. याला अतिसंयुग्मन म्हणतात. मधल्या कार्बनवर प्रभार असेल तर दोन्ही बाजूंच्या मिथिल गटांतले मिळून असे सहा बंध हाताशी असतात. टोकावर प्रभार असेल तर दोनच. आयसोब्युटीनपासून होणाऱ्या तृतीयक (तीन कार्बन जोडलेल्या) कार्बोकॅटायनात ही संख्या नऊपर्यंत जाते. शिवाय अल्किल गट इलेक्ट्रॉन पुढे ढकलणारे असल्यामुळे प्रभार सौम्य होतो तो वेगळाच.

इथे एक चिकित्सक वाचक विचारेल की, स्थैर्य ही मध्यस्थाची गोष्ट झाली, वेग तर संक्रमण अवस्थेच्या (टप्प्याच्या वाटेवरील सर्वाधिक ऊर्जेच्या स्थितीच्या) ऊर्जेवर ठरतो, मग अधिक स्थिर कार्बोकॅटायन अधिक वेगाने का तयार व्हावा? जॉर्ज हॅमंड यांनी १९५५ मध्ये मांडलेले गृहीतक याचे उत्तर देते. पहिल्या टप्प्यात ऊर्जा शोषली जाते, आणि अशा टप्प्याची संक्रमण अवस्था रचनेने अभिकारकांपेक्षा पुढच्या मध्यस्थाच्या जवळची असते. तिच्यात धनप्रभार बऱ्याच अंशी आलेला असतो, म्हणून ज्या गोष्टी मध्यस्थाला स्थैर्य देतात, त्याच संक्रमण अवस्थेची ऊर्जाही उतरवतात.

तेव्हा नियम असा लक्षात ठेवावा: प्रोटॉन अशा बाजूने जोडला जातो की मागे उरणारा कार्बोकॅटायन शक्य तितका स्थिर असावा. स्टायरीनच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. प्रोटॉन टोकावर जातो आणि धनप्रभार बेंझीनच्या कड्याशेजारच्या कार्बनवर येतो, कारण तिथे तो कड्यात पसरू शकतो. हायड्रोजन क्लोराइडशी अभिक्रिया केल्यास क्लोरीन त्याच कार्बनवर बसतो. आणि २-पेंटीनमध्ये, जिथे दोन्ही बाजूंना द्वितीयकच कार्बोकॅटायन होणार, तिथे २-ब्रोमोपेंटेन आणि ३-ब्रोमोपेंटेन यांचे मिश्रण मिळते. निवड करण्यासारखे तिथे फारसे काही नसतेच.

प्रश्न: हायड्रोजन हॅलाइडांपैकी सर्वांत वेगाने कोणते जोडले जाते? फ्लोरिन सर्वांत अधिक विद्युतऋण असल्यामुळे हायड्रोजन फ्लोराइड असावे असे मला वाटले होते.

उत्तर: क्रम नेमका उलटा आहे: आयोडाइड, मग ब्रोमाइड, मग क्लोराइड, आणि सर्वांत शेवटी फ्लोराइड. मंद टप्प्यात हायड्रोजन-हॅलोजन बंध तुटतो, म्हणून त्या बंधाची बळकटी महत्त्वाची ठरते, आणि ती हायड्रोजन फ्लोराइडमध्ये प्रतिमोल सुमारे ५६५ किलोज्यूल, क्लोराइडमध्ये ४३१, ब्रोमाइडमध्ये ३६६ आणि आयोडाइडमध्ये सुमारे २९८ इतकी आहे. आम्लांची प्रबलताही याच क्रमाने वाढते. प्रयोगशाळेत हायड्रोजन आयोडाइड बहुधा पोटॅशियम आयोडाइड आणि फॉस्फोरिक आम्ल यांच्यापासून अभिक्रियेच्या पात्रातच तयार करतात. सल्फ्युरिक आम्ल वापरल्यास ते आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करून आयोडीन मुक्त करते.

प्रश्न: ३-मिथिल-१-ब्युटीनवर हायड्रोजन क्लोराइडचे समावेशन केल्यास २-क्लोरो-३-मिथिलब्युटेन मिळायला हवे. परंतु उत्तरसूचीत २-क्लोरो-२-मिथिलब्युटेन हे मुख्य उत्पादित दिले आहे. क्लोरीन अशा कार्बनवर बसला आहे, जो मुळात दुहेरी बंधात नव्हताच. ही मुद्रणदोषाची बाब आहे का?

उत्तर: मुद्रणदोष नाही. कार्बोकॅटायन खरोखरच तयार होतो, याचा हा सर्वांत बोलका पुरावा आहे, म्हणून थोडे सावकाश पाहू. या रेणूत पहिला आणि दुसरा कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले आहेत. तिसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन आणि दोन मिथिल गट आहेत. प्रोटॉन अपेक्षेप्रमाणे पहिल्या कार्बनवर जातो आणि दुसऱ्या कार्बनवर धनप्रभार येतो. हा द्वितीयक कार्बोकॅटायन आहे. मात्र त्याच्या लगत जो तिसरा कार्बन आहे, त्यावर प्रभार असता तर कार्बोकॅटायन तृतीयक झाला असता. तिसऱ्या कार्बनवरील हायड्रोजन आपल्या बंधातील दोन्ही इलेक्ट्रॉन बरोबर घेऊन, म्हणजे हायड्राइडच्या रूपाने, शेजारच्या दुसऱ्या कार्बनवर सरकतो. प्रभार तिसऱ्या कार्बनवर जातो आणि कार्बोकॅटायन अधिक स्थिर होतो. त्यानंतर क्लोराइड आयन जोडला गेला की २-क्लोरो-२-मिथिलब्युटेन तयार होते.

क्लोराइड आयनही तिथेच घोटाळत असतो, त्यामुळे स्थलांतर होण्याआधीच काही द्वितीयक कार्बोकॅटायन त्याच्या हाती लागतात. परिणामी दोन्ही क्लोराइडे मिळतात: सुमारे ४० टक्के सरळ समावेशनाचे आणि सुमारे ६० टक्के पुनर्रचना झालेले. ३,३-डायमिथिल-१-ब्युटीनमध्ये तिसऱ्या कार्बनवर हायड्रोजनच नाही. तिथे एक मिथिल गट आपल्या इलेक्ट्रॉनजोडीसह सरकतो आणि २-क्लोरो-२,३-डायमिथिलब्युटेन हे मुख्य उत्पादित ठरते. परीक्षेत प्रश्न सोडवताना कार्बोकॅटायन काढला की लगेच हॅलाइड जोडू नये. आधी शेजारच्या प्रत्येक कार्बनकडे पाहावे, आणि एका पावलाच्या स्थलांतराने प्रभाराची जागा सुधारते का ते तपासावे. सुधारत नसेल तर स्थलांतर दाखवण्याचे कारण नाही. प्रोपीनमध्ये हायड्राइड सरकवून द्वितीयकाचा प्राथमिक करणारे विद्यार्थीही असतात, ते टाळावे.

प्रश्न: मी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत शिकवतो. विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी १-हेक्झीन आणि हायड्रोजन ब्रोमाइड यांचीच अभिक्रिया केली. नवी बाटली उघडलेल्या गटाला २-ब्रोमोहेक्झेन मिळाले, तर कपाटातील जुनी बाटली वापरलेल्या गटाला बहुतांशी १-ब्रोमोहेक्झेन. पेरॉक्साइड (ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध असलेले संयुग) असेल तर ब्रोमीन टोकाच्या कार्बनवर बसतो, असे वाचले आहे, पण आम्ही पेरॉक्साइड घातलेलेच नव्हते. शिवाय हा परिणाम हायड्रोजन ब्रोमाइडपुरताच का मर्यादित असतो, तेही कृपया स्पष्ट करावे.

उत्तर: पेरॉक्साइड आपण घातले नसले तरी बाटलीत ते होतेच, असे दिसते. अल्कीन हवेच्या आणि प्रकाशाच्या संपर्कात दीर्घकाळ राहिले की दुहेरी बंधालगतच्या कार्बनवर ऑक्सिजनची अभिक्रिया होऊन हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात. प्रमाण अगदी अल्प असले तरी पुरते, आणि का पुरते ते पुढे येईलच. आपल्या विद्यार्थ्यांना जे दिसले, त्याच कोड्याने गेल्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत रसायनशास्त्रज्ञांना छळले होते: एकाच अल्कीनावर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया करून वेगवेगळे संशोधक परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध करत होते. शिकागो विद्यापीठात मॉरिस खराश आणि फ्रँक मेयो यांनी अलिल ब्रोमाइडवर काटेकोर प्रयोग करून १९३३ मध्ये त्याचा उलगडा केला. हवा आणि पेरॉक्साइडे पूर्णपणे दूर ठेवली असता अभिक्रिया रेंगाळत चालते आणि १,२-डायब्रोमोप्रोपेन देते. पेरॉक्साइडे असतील तर ती झपाट्याने उरकते आणि १,३-डायब्रोमोप्रोपेन देते. उत्पादिताबरोबर वेगही बदलतो, हे ध्यानात घ्यावे. सामान्य मार्ग बंद होतो असे नव्हे, तर त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान असा दुसरा मार्ग खुला होतो.

हा दुसरा मार्ग आयनांचा नसून मुक्त मूलकांचा, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांचा, आहे. पेरॉक्साइडमधील ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध कमकुवत असतो. डायअल्किल पेरॉक्साइडात तो प्रतिमोल सुमारे १६० किलोज्यूलचा असतो. उष्णतेने किंवा प्रकाशाने तो मधोमध तुटतो आणि प्रत्येक तुकड्याकडे एक एकटा इलेक्ट्रॉन राहतो. असे ऑक्सिजनचे मूलक हायड्रोजन ब्रोमाइडमधून हायड्रोजन उचलते आणि ब्रोमीन अणू सुटा होतो. हा ब्रोमीन अणू अल्कीनाच्या टोकाच्या कार्बनशी जोडला जातो, कारण तिथे गर्दी कमी असते आणि एकटा इलेक्ट्रॉन मागे द्वितीयक कार्बनवर राहतो, जे प्राथमिक मूलकापेक्षा अधिक स्थिर असते. हे कार्बन मूलक हायड्रोजन ब्रोमाइडच्या दुसऱ्या रेणूतून हायड्रोजन घेते, १-ब्रोमोहेक्झेन तयार होते आणि ब्रोमीन अणू पुन्हा मोकळा होतो. तो पुढचे अल्कीन गाठतो. साखळी अशी स्वतःच स्वतःला पुढे नेत असल्यामुळे सुरुवातीच्या एका मूलकामागे उत्पादिताचे असंख्य रेणू तयार होऊ शकतात. पेरॉक्साइडचा लवलेशही म्हणूनच पुरतो.

या उलट दिसणाऱ्या दिशेला प्रतिमार्कोव्हनिकॉव्ह समावेशन म्हणतात, आणि विद्यार्थी ते नियमाला अपवाद म्हणून वेगळे पाठ करतात. ते तसे करण्याची गरज नाही. दोन्ही मार्गांत आधी जोडला जाणारा घटक टोकाच्या कार्बनवर जातो आणि अधिक स्थिर मध्यस्थ मधल्या कार्बनवर उरतो. फरक एवढाच की आयनांच्या मार्गात आधी हायड्रोजन येतो, मूलकांच्या मार्गात आधी ब्रोमीन.

आता हायड्रोजन ब्रोमाइडच का, या प्रश्नाकडे वळू. साखळी टिकायची तर तिचे दोन्ही टप्पे वेगवान हवेत, आणि त्यासाठी दोन्हींत ऊर्जा बाहेर पडायला हवी. पहिला टप्पा म्हणजे हॅलोजन अणूने पाय बंध मोडून कार्बनशी बंध करणे. पाय बंध मोडायला प्रतिमोल सुमारे २६५ किलोज्यूल लागतात. दुसरा टप्पा म्हणजे कार्बन मूलकाने हायड्रोजन हॅलाइडमधून हायड्रोजन घेणे. त्यात द्वितीयक कार्बन-हायड्रोजन बंध तयार होऊन सुमारे ४१० किलोज्यूल मिळतात. ब्रोमीनचा कार्बनशी होणारा बंध सुमारे २८५ किलोज्यूलचा आहे, म्हणून पहिल्या टप्प्यात थोडी शिल्लक राहते. दुसऱ्या टप्प्यात ३६६ खर्चून ४१० मिळतात, तिथेही शिल्लक राहते. क्लोरीनच्या बाबतीत पहिला टप्पा उत्तम चालतो, पण दुसऱ्यात ४३१ खर्चून ४१० मिळतात. टप्पा ऊर्जाशोषक होऊन मंदावतो, आणि कार्बन मूलक हायड्रोजन क्लोराइडची वाट पाहण्याऐवजी दुसऱ्या अल्कीनाशी जोडले जाऊ लागते. आयोडीनचे दुखणे दुसऱ्या बाजूचे आहे: कार्बन-आयोडीन बंध सुमारे २३० किलोज्यूलचाच असल्यामुळे पहिलाच टप्पा तोट्यात जातो. दोन्ही बाजूंचा हिशेब फक्त ब्रोमीनच्या बाबतीत जुळतो.

आणखी एक पडताळा आपल्याला करून पाहता येईल. आधीच्या उत्तरातील ३,३-डायमिथिल-१-ब्युटीनवर पेरॉक्साइडच्या उपस्थितीत हायड्रोजन ब्रोमाइड जोडल्यास सांगाड्याची पुनर्रचना होत नाही, १-ब्रोमो-३,३-डायमिथिलब्युटेन मिळते. साध्या अल्किल मूलकांमध्ये कार्बोकॅटायनासारखे हायड्राइडचे किंवा मिथिलचे स्थलांतर होत नाही.

प्रयोगशाळेसाठी सांगायचे तर, जुन्या बाटलीतील थोडे अल्कीन आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाबरोबर हलवून पाहावे. पेरॉक्साइड असेल तर आयोडीन मुक्त होऊन तपकिरी रंग येतो आणि स्टार्चने तो निळा होतो. सक्रियित अॅल्युमिनाच्या स्तंभातून अल्कीन गाळल्यास पेरॉक्साइडे निघून जातात. पेरॉक्साइडयुक्त द्रव कोरडा होईपर्यंत ऊर्ध्वपातित करणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यात स्फोटाचा धोका आहे. आयनांचाच मार्ग हवा असेल तर अभिक्रिया अंधारात करावी आणि हायड्रोक्विनोनसारखा मूलके टिपणारा रोधक किंचित घालावा.

प्रश्न: मार्कोव्हनिकॉव्हचा नियम पेरॉक्साइडशिवाय कधी मोडतो का?

उत्तर: शब्दशः मोडतो, अर्थाने नाही. ३,३,३-ट्रायफ्लोरोप्रोपीनमध्ये दुहेरी बंधालगत ट्रायफ्लोरोमिथिल गट आहे आणि तो इलेक्ट्रॉन जोराने स्वतःकडे ओढतो. त्याच्या शेजारच्या कार्बनवर धनप्रभार आणणे फार महागात पडते, म्हणून प्रोटॉन त्याच कार्बनवर जातो आणि हॅलोजन टोकाला बसतो. अभिक्रिया अर्थातच मंद असते आणि अॅल्युमिनियम हॅलाइडसारख्या उत्प्रेरकाची मदत लागते.

याच्या शेजारी व्हिनिल क्लोराइड ठेवून पाहण्यासारखे आहे. क्लोरीनही इलेक्ट्रॉन ओढतो, आणि त्यामुळे व्हिनिल क्लोराइडची अभिक्रिया एथीनपेक्षा मंद असते. तरीही हायड्रोजन क्लोराइडबरोबर १,१-डायक्लोरोएथेनच मिळते. क्लोरीनकडे असलेली एकाकी इलेक्ट्रॉनजोडी शेजारच्या धनप्रभाराला काही अंशी भरून काढते, त्यामुळे प्रभार त्याच कार्बनवर येणे त्यातल्या त्यात परवडते. ट्रायफ्लोरोमिथिल गटातील कार्बनकडे अशी देण्याजोगी जोडी नाही.

प्रश्न: १-ब्युटीनपासून मिळणाऱ्या २-ब्रोमोब्युटेनमध्ये किरल कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेला) आहे. मग ते ध्रुवित प्रकाशाचे प्रतल का वळवत नाही?

उत्तर: धनप्रभारित कार्बन आणि त्याला जोडलेले तीन गट एकाच प्रतलात असतात, आणि ब्रोमाइड आयनाला वरून किंवा खालून येण्याची संधी समान असते. दोन्ही प्रतिमारूपे (एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असलेली रूपे) समप्रमाणात तयार होतात आणि परस्परांचा परिणाम रद्द करतात. मात्र एक खुलासा आवश्यक वाटतो. ही मांडणी कार्बोकॅटायन पूर्णपणे सुटा आहे असे धरून केलेली आहे. काही अल्कीनांवर, उदाहरणार्थ १,२-डायमिथिलसायक्लोहेक्झीनवर, हायड्रोजन आणि ब्रोमीन प्रामुख्याने विरुद्ध बाजूंनी जोडलेले आढळतात, म्हणजे तिथे हॅलाइड दुसऱ्या रेणूकडून जवळजवळ त्याच वेळी येत असावे.

प्रश्न: १,३-ब्युटाडाईनवर हायड्रोजन ब्रोमाइडचा एकच रेणू जोडला तरी दोन उत्पादिते मिळतात आणि त्यांचे प्रमाण तापमानानुसार बदलते. यात स्थिर मध्यस्थाचे तत्त्व कसे लावायचे?

उत्तर: मध्यस्थ दोन्हींसाठी एकच आहे. प्रोटॉन टोकाच्या कार्बनवर गेला की उरलेल्या दुहेरी बंधामुळे धनप्रभार दुसऱ्या आणि चौथ्या अशा दोन कार्बनांत विभागला जातो. ब्रोमाइड दुसऱ्यावर आले तर ३-ब्रोमो-१-ब्युटीन, चौथ्यावर आले तर १-ब्रोमो-२-ब्युटीन. उणे ८० अंश सेल्सियसला पहिले सुमारे ८० टक्के मिळते. ४० अंशांना प्रमाण जवळजवळ उलटते. थंडीत जे वेगाने तयार होते ते तसेच टिकते. उष्णतेत मात्र ब्रोमाइड सुटून पुन्हा जोडले जाऊ शकते, समतोल साधला जातो, आणि दुहेरी बंध मधोमध असलेले अधिक स्थिर संयुग वरचढ ठरते. कमी तापमानाला मिळालेले मिश्रण नंतर ४० अंशांवर ठेवले, तरी ते याच प्रमाणाकडे सरकते.

प्रश्न: हायड्रोजन क्लोराइडला मूलकांचा मार्ग बंद असेल, तर प्रोपीनपासून १-क्लोरोप्रोपेन कसे बनवावे?

उत्तर: दोन पायऱ्यांनी. प्रथम बोरेन (बोरॉन आणि हायड्रोजन यांचे संयुग) जोडून आणि नंतर आम्लारीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण करून १-प्रोपेनॉल मिळवावे. बोरॉन टोकाच्या कार्बनवर बसतो आणि ऑक्सिडीकरणात त्याच जागी हायड्रॉक्सिल गट येतो. ही पद्धत हर्बर्ट ब्राउन यांनी विकसित केली आणि बोरॉन संयुगांवरील कार्यासाठी त्यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १-प्रोपेनॉलवर पिरिडीनच्या उपस्थितीत थायोनिल क्लोराइडची अभिक्रिया करावी. तिच्यात मोकळा प्राथमिक कार्बोकॅटायन तयार होत नाही, त्यामुळे प्रभार सरकून क्लोरीन मधल्या कार्बनवर जाण्याची भीती राहत नाही.